व्हिम सिंड्रोमवरचं मॅव्होरिक्साफॉर: अर्ज कोणाला करता येतो, कागद काय लागतात

व्हिम सिंड्रोम या दुर्मिळ जेनेटिक आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार होतात पण सीएक्ससीआर४ या जीनमधल्या बदलामुळे त्या बोनमॅरोमध्येच अडकतात, रक्तात पुरेशा येतच नाहीत, म्हणून मग सारखी इन्फेक्शन्स आणि हटता न हटणारे चामखीळ. मॅव्होरिक्साफॉर हे औषध तो अडसर काढतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामकाने) एप्रिल २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली, १२ वर्षं पूर्ण झालेल्या पेशंटसाठी, त्यामुळे लहान मुलांचा अर्ज या मंजुरीत बसत नाही.

औषध मिळवण्यासाठीचा अर्ज घरच्यांनी नाही, इम्युनॉलॉजिस्ट (प्रतिकारशक्तीचे डॉक्टर) किंवा हिमॅटॉलॉजिस्टने (रक्ताचे डॉक्टर) करायचा असतो. इन्शुरन्स असेल तर आधी त्यांची मंजुरी, आणि औषध आपल्या देशात मिळतच नसेल तर बहुतेक ठिकाणी औषध नियामकाकडून त्या एकाच पेशंटच्या नावाने आयातीची परवानगी काढावी लागते. दोन्हीकडे कागद साधारण तेच.

सगळ्यात महत्त्वाचा जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट, कारण नुसतं "न्यूट्रोफिल कमी" (न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लिहिलेलं असेल तर त्याची कारणं ढीगभर असतात आणि हे औषध फक्त व्हिमसाठी आहे. मग न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) यांचे काउंट. इथे नीट लक्ष द्या, ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना या पेशंटचे न्यूट्रोफिल तात्पुरते वाढतात, कधी अगदी नॉर्मल दिसतात, आणि नेमका तोच रिपोर्ट जोडला तर वाचणाऱ्याला वाटणार की औषधाची गरजच काय, म्हणून बरं असतानाचे दोनतीन रिपोर्ट जोडा आणि जी-सीएसएफची (न्यूट्रोफिल वाढवणारी) इंजेक्शनं चालू असतील तर तेही त्यावर लिहून घ्या. अ‍ॅडमिट झाल्याचे डिस्चार्ज पेपर, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडीज) किंवा अँटिबायोटिक्सच्या नोंदी पण द्या.

वजन ताजं हवं, ५० किलोच्या वर रोज ४०० मिलिग्रॅम आणि ५० किंवा कमी असेल तर ३०० असा डोस आहे, प्रिस्क्रिप्शन त्याच्याशी जुळलंच पाहिजे. चालू औषधांची पूर्ण यादी द्या, क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोलसारखी असतील तर डोस कमी करावा लागतो आणि काही औषधांबरोबर हे देताच येत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी लागू शकतो, आणि गर्भात बाळाला धोका असल्याने मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या मुलींना, बायकांना प्रेग्नन्सी टेस्ट.

मंजुरी बहुतेक वेळा ठराविक मुदतीची असते, त्यामुळे औषध सुरू झालं की काउंट आणि इन्फेक्शनच्या तारखा पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहायला लागा, रिन्यूअलला डॉक्टर त्यावरूनच पत्र देतील.