सीएला कोटा असतो म्हणे!

दर निकालाला कोणीतरी काका सांगतातच, "सीएला ठरावीक पोरंच पास करतात, कोटा असतो." अहो, तसं काही नसतं. नियम साधाय, प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपची (म्हणजे एकत्र धरलेल्या पेपरांची) बेरीज 50 टक्के, बस्स. खरी गंमत त्या बेरजेत आहे. फायनलच्या एका ग्रुपात तीन पेपर, मला पडले 62, 45 आणि 41, म्हणजे तिन्हीत पास पण बेरीज 148, पाहिजेत 150, झालं, ग्रुप गेला! घरी कोणाला पटेना. पण 60 च्या वर असल्याने 62 वाल्या पेपरात एक्झम्प्शन मिळालं, म्हणजे तो पेपर परत द्यायचा नाही, ते पुढचे तीन अटेम्प्ट चालतं, मार्क बेरजेतही धरतात, म्हणजे आता उरलेल्या दोनात मिळून फक्त 88 काढायचे. (अकाउंट्सवाल्यांना बेरीजच नडते, काय बोलणार.)