डायरेक्टर झाला म्हणजे कंपनी त्याची झाली?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हमखास ऐकू येणारं वाक्य: "अहो, तो चिप कंपनीत डायरेक्टर झाला, आता कंपनी त्याचीच!" नाही हो. मालक असतात भागधारक. संचालकाच्या नावावर एकही शेअर नसला तरी चालतं. भागधारक त्याला सभेत नेमतात आणि सहसा साध्या बहुमताने काढूही शकतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीला किमान २ संचालक लागतात, पब्लिक कंपनीला ३.

दुसरा गैरसमज, संचालक मंडळ चिपचं सर्किट ठरवतं. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, किती रुंद हवा, ते इंजिनिअर बघतो. मंडळापुढे येतो तो टेप-आउटचा, म्हणजे आराखडा कारखान्यात पाठवण्याचा, खर्च. अ‍ॅनालॉग, म्हणजे सलग बदलणारे सिग्नल हाताळणाऱ्या, चिपमध्ये हाच निर्णय जिकिरीचा. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चाचणीत, गुणी बाळासारखं वागलेलं सर्किट प्रत्यक्ष सिलिकॉनवर ऑफसेट (व्होल्टेजमधली छोटी, कायमची चूक) किंवा नॉइजने (नको असलेल्या विद्युत गोंगाटाने) बिघडू शकतं. मग नवे मास्क (चिपवर आराखडा छापायचे साचे), पुन्हा पैसे, पुन्हा काही महिने.

खरा मालक शोधायचा तर व्हिजिटिंग कार्ड नको, भागधारकांची यादी बघा. गोव्यातल्या कंपन्यांसाठी कंपनी निबंधकांचं (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचं) कार्यालय पणजीतच आहे.