उकळी फुटल्यावर गॅस मोठा कशाला?

आत्याने परवा एक लांबलचक यादी पाठवली. 'वेळ, पैसा आणि कष्ट वाचवणाऱ्या ५१ घरगुती युक्त्या', आणि शेवटी नेहमीचं 'सर्वांना पाठवा'. असल्या याद्या मी वाचत नाही असं चारचौघांत सांगतो, आणि रात्री पडल्यापडल्या शेवटपर्यंत वाचतो.

बऱ्याच युक्त्या ठीक होत्या. बर्नरची भोकं साफ ठेवा, किटलीत लागेल तेवढंच पाणी घाला, कडधान्य आधी भिजवा. काही फसव्या होत्या. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून भांडी घासा म्हणे. फेस झकास येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि हातात उरतं ते बहुतेक पाणी. क्षारांचे पांढरे डाग काढायला नुसतं व्हिनेगर घ्या, चिकटपणाला नुसता सोडा. दोघांची गाठ घालू नका.

मी अडकलो सतराव्या युक्तीवर. 'वेळ वाचवायचा तर पाण्यात चिमूटभर मीठ टाका, लवकर उकळतं. उकळी आली की गॅस मोठाच ठेवा, पदार्थ निम्म्या वेळात शिजतो.'

मिठाचं आधी उरकतो. मिठाने पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे ते ज्या तापमानाला उकळतं तो आकडा, कमी होत नाही, किंचित वाढतो. तोही इतका किंचित, की एक लिटर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ विरघळवलं तर जेमतेम १ अंश. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एका अंशासाठी समुद्राहून खारट पाणी करावं लागेल. मग हा समज आला कुठून? उकळायला टेकलेल्या पाण्यात मीठ टाकलं की एकदम बुडबुडे उसळतात, हे आपण डोळ्यांनी बघतो. वाफेच्या बुडबुड्याला जन्माला यायला एखादा खडबडीत कोपरा लागतो आणि मिठाचे दाणे असे हजारो कोपरे पुरवतात. पाणी तयारच होतं, मिठाने फक्त निमित्त दिलं.

आता मोठ्या गॅसचं. हे मी करूनच पाहिलं. एकसारखी दोन पातेली, प्रत्येकात एक लिटर पाणी, आणि बटाट्याच्या शक्य तितक्या सारख्या फोडी. दोन्हींना उकळी फुटली. मग एक पातेलं उघडं, गॅस पूर्ण मोठा, वर नुसता खळखळाट. दुसऱ्यावर झाकण आणि गॅस इतका बारीक की अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा. दोन्हींत थर्मामीटर बुडवला, दोन्हीकडे आकडा तोच, ९९. दहा मिनिटांनी सुरीचं टोक खुपसून पाहिलं. खळखळणाऱ्या पातेल्यातली फोड जेवढी मऊ, तेवढीच गपगार पातेल्यातली. डोळे बांधून चाचणी घेतली असती तरी मला फरक सांगता आला नसता.

फरक निघाला तो वजनात. काट्यावर लाकडी फळी ठेवून दोन्ही पातेली तोलली. झाकलेलं सुमारे ३० ग्रॅमने हलकं झालं होतं, उघडं सुमारे २७० ग्रॅमने. मोठ्या गॅसने बटाटे जास्त शिजवले नाहीत. त्याने पाव लिटर पाणी हवेत सोडलं, बस.

पाव लिटर पाणी गेलं तर एवढं काय बिघडलं, असं वाटेल. पाणी गेल्याचं दुःख नाहीच. दुःख आहे त्या पाण्याने जाताना सोबत काय नेलं याचं, आणि इथे शाळेतला 'अप्रकट उष्मा' बाहेर काढावा लागतो, म्हणजे तापमान न वाढवता नुसती पाण्याची वाफ करण्यात खपणारी उष्णता. परीक्षेपुरती पाठ करून आपण विसरलेली ही संकल्पना रोज स्वयंपाकघरात आपल्या नाकासमोर वाफाळत असते.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी १०० अंशांवर आल्यावर त्याची सगळी वाफ करायची तर आणखी २,२५७ किलोज्यूल. सातपटीहून जास्त, आणि तापमान एक अंशानेही न वाढवता! उलट हिशोब करा. फक्त १४० ग्रॅम पाणी, म्हणजे छोटा कपभर, वाफ होऊन गेलं की संपूर्ण लिटरभर पाण्याला आधण आणण्याएवढी ऊर्जा गेली. माझ्या दोन पातेल्यांतला फरक २४० ग्रॅमचा होता. तेवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर थंड पाण्याला नव्याने उकळी आली असती. शिवाय ही फक्त पाण्यात पोचलेली उष्णता. पातेल्याच्या कडेने वर निघून गेलेली वेगळीच.

अठराव्या शतकापर्यंत जाणकारही असंच धरून चालत, की पाणी एकदा उकळायला लागलं की आणखी थोड्याशा उष्णतेने सगळ्याची वाफ व्हावी. १७६२ साली ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यांत थोडं थंड पाणी घेऊन ती रसरशीत तापलेल्या लोखंडावर ठेवली आणि घड्याळ लावून बसला. उकळी यायला लागली सुमारे ४ मिनिटं. सगळं पाणी आटायला आणखी सुमारे २० मिनिटं. आच तीच, भांडं तेच, पाणी तेच. म्हणजे पाणी तापवायला लागली त्याच्या पाचपट उष्णता पाण्यात शिरली, पण थर्मामीटरला तिचा पत्ताच नव्हता. ती लपली होती. ब्लॅकने तिचं नाव तसंच ठेवलं. त्याचं उत्तर आजच्या आकड्याहून थोडं कमी येतं, पण एक भांडं आणि एक घड्याळ एवढ्या भांडवलावर याहून जास्त काय मागावं?

ही उष्णता लपते कुठे? पाण्याचा रेणू एकलकोंडा नसतो. तो आजूबाजूच्या तीन-चार रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून असतो. ही पकड क्षणोक्षणी सुटते आणि दुसऱ्याशी जुळते, पण एकूण गर्दी एकमेकांना धरूनच राहते. बर्फ वितळताना ही पकड नुसती सैल होते, म्हणून तिथे किलोमागे ३३४ किलोज्यूलमध्ये भागतं. वाफ होताना मात्र प्रत्येक रेणूला सगळे हात सोडवून एकट्याने बाहेर पडायचं असतं. २,२५७ मधला मोठा वाटा या सोडवणुकीचा. उरलेला थोडा वाटा मला फार आवडतो. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६७० लिटर जागा व्यापते, आणि ती जागा मोकळी नसते, तिथे हवा असते. वाफेला ती हवा ढकलून बाजूला करावी लागते. वातावरणाचा दाब गुणिले वाढलेलं आकारमान असा गुणाकार केला की सुमारे १७० किलोज्यूल येतात. स्वयंपाक करताना आपण चक्क वातावरण ढकलण्याचं इंधन जाळतो!

तापमान १०० वर अडून का बसतं, तेही यातच आहे. पाण्याच्या आतल्या बुडबुड्यातला बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाशी बरोबरीला आला की बुडबुडा टिकतो आणि फुगतो. पाणी जरा जास्त तापलं की बाष्पदाब वाढतो, बुडबुडे जोमाने फुगतात, जास्त रेणू उष्णता घेऊन पळतात आणि पाणी पुन्हा जागेवर येतं. आच दुप्पट केली तर पळणारे रेणू दुप्पट होतात. बटाट्याला याची काही खबर नसते, त्याला फक्त भोवतालच्या पाण्याचं तापमान कळतं. (हे दोन परिच्छेद जड गेले असतील तर सोडून द्या, पातेल्यांचं वजन तेवढं लक्षात ठेवा.)

मग झाकणाने काय होतं? 'झाकणाने दाब वाढतो, म्हणून लवकर शिजतं' असं आत्याच काय, विज्ञान शिकलेले लोकही सांगतात. हिशोब करू. साधं झाकण ३०० ग्रॅमचं आणि पातेल्याचं तोंड ३०० चौरस सेंटिमीटरचं धरा. म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे १ ग्रॅम. हवा त्याच जागेवर आधीच १ किलोपेक्षा थोड्या जास्त वजनाएवढा दाब देत असते. झाकणाने त्यात हजारात एकाची भर पडली, उत्कलनांक वाढला फार तर ०.०३ अंश. झाकणाचं खरं काम वेगळंच. वाफ झाकणाला लागून पुन्हा पाणी होते तेव्हा तिने नेलेली उष्णता तिथे सोडते आणि थेंब खाली परततो. शिवाय पाण्यावरची वाफाळ हवा वाऱ्यासोबत निघून जात नाही. म्हणून झाकलेलं पातेलं बारीक गॅसवरही उकळत राहतं.

दाब खरोखर वाढवायचा तर कुकर हवा, आणि त्याची गंमत बघा. ३०० ग्रॅमच्या झाकणाने काही होत नाही, पण कुकरच्या शिट्टीचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास असलं तरी आतला दाब जवळपास दुप्पट होतो. कारण ते वजन एका बारीक भोकावर बसलेलं असतं. साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, त्यावर १०० ग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो. आतली वाफ एवढा जोर लावेपर्यंत शिट्टी उचलली जात नाही. त्या दाबाला पाणी उकळतं सुमारे १२० अंशांना. शिजण्याच्या क्रिया दर १० अंशांना साधारण दुपटीने वेगावतात असा ठोकताळा आहे, म्हणजे २० अंशांत चौपट. तोच दाब मोठ्या झाकणाला खालून सुमारे ३०० किलोच्या जोराने ढकलत असतो, म्हणून वाफ पूर्ण जिरण्याआधी झाकणाशी झटापट करायची नसते. १६७९ साली असं भांडं करणाऱ्या डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञालाही ही धास्ती होती. जादा वाफ सोडणारी झडप त्यानेच बसवली.

तेव्हा कुकरलाही नियम तोच. दाब आला की शिट्टी उचलली जायला लागते, आणि त्यानंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ. पदार्थ शिजतो तो आतल्या तापमानावर आणि घड्याळावर, शिट्ट्यांच्या संख्येवर नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि मिनिटं मोजा.

दाब कमी झाला की काय होतं याचा एक किस्सा आहे. मार्च १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन आंडीज पर्वत ओलांडत होता. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. त्याच्या दोन सोबत्यांचे बटाटे रात्रभर विस्तवावर राहूनही सकाळी कडकच. त्या दोघांनी आपसात निष्कर्ष काढला, की भांडं नवीन आहे आणि शापित आहे, त्याच्या मनात बटाटे शिजवायचे नाहीत. आपण हसतो. पण गॅसच्या नळीवर चुंबक बसवला की इंधन वाचतं, असं सांगणारी जाहिरात बघून चुंबक मागवणारे लोक आजही आहेत, आणि त्यांच्याकडे थर्मामीटरही आहे. सिलिंडरमधल्या गॅसचे घटक, प्रोपेन आणि ब्यूटेन, चुंबकाला दाद देत नाहीत. निळ्या ज्योतीत ते तसेही जवळजवळ पूर्ण जळतात, तिथे वाचवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. बचत आहे ती ज्योतीच्या वर, पातेल्यात.

मंद आचेचं वेड मात्र डोक्यात जाऊ देऊ नका. बारीक म्हणजे उकळी मोडणार नाही इतकंच बारीक. राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते मोडायला निदान १० मिनिटं खरी उकळी लागते, ८० अंशांवर तासन् तास ठेवून भागत नाही. आणि रस आटवूनच दाट करायचा असेल तर पाणी घालवणं हेच काम आहे, तेव्हा झाकण काढा, गॅस खुशाल मोठा करा.

हाच हिशोब कपड्यांनाही लागू पडतो. ओल्या कपड्यांत किलोभर पाणी राहिलं आणि ते विजेच्या ड्रायरने वाळवायचं ठरवलं, तर नुसत्या वाफेपायी सुमारे ०.६ ते ०.७ युनिट वीज जाते, यंत्राची गळती वेगळी. तेच पाणी जोरात गरगरवून आधी झटकून टाकलं तर रेणूंचे हात सोडवायचे कष्टच नाहीत, पाणी पाण्यासारखंच निघून जातं आणि त्याला अगदी थोडी वीज पुरते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही तेवढीच ऊर्जा लागते, फक्त ती ऊन-वारा देतो आणि बिल पाठवत नाही.

हे सगळं मी आत्याला कळवलं, पातेल्यांच्या फोटोंसकट. तिचं उत्तर आलं, "ते सगळं खरं रे, पण झाकण ठेवलं की उतू जातं, मग ओटा कोण पुसणार? तू?"

प्रश्न रास्त आहे. नुसतं पाणी कधी उतू जात नाही, बुडबुडा वर आला की फुटतो. पण बटाट्यातून सुटलेला स्टार्च पाण्यात उतरला की बुडबुड्याची त्वचा चिवट होते, फुटायच्या आत खालून दुसरा येतो आणि फेसाचा मनोरा चढतो. वर झाकण असलं की त्याला गार हवाही लागत नाही. वाफ जेवढ्या वेगाने तयार होईल तेवढा मनोरा उंच. म्हणून उपाय झाकण काढण्याचा नाही, गॅस आणखी बारीक करण्याचा आहे, आणि झाकण बोटभर कलतं ठेवलं तरी चालतं. हेही मी लिहून पाठवलं.

"बघते," एवढंच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ६४ युक्त्यांची नवी यादी आली.