वर सुटणारी लिफ्ट: सुरक्षा नियमांची पार्श्वभूमी

परवान्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मेकॅनिकच्या हातात सगळे नियम एकदमच पडतात. १९३९ चा कायदा, १९५८ चे नियम, २००० चे मानक, २०२२ चे मानक, सगळे झेरॉक्सच्या एकाच गठ्ठ्यात. कोणता नियम कशाच्या धास्तीने आला, हे त्या गठ्ठ्यातून कळत नाही. मग पाठांतर होते आणि तोंडी परीक्षेत पहिल्या उलट्या प्रश्नाला गाडी अडते.

कायद्याचा भाग थोडक्यात उरकता येतो. मुंबई इलाख्यात लिफ्टसाठी स्वतंत्र कायदा झाला तो १९३९ साली. बसवण्याआधी परवानगी, बसवल्यावर चालवण्याचा परवाना, पुढे सरकारी निरीक्षकाची तपासणी, ही चौकट तेव्हाची आहे. त्याखालचे नियम १९५८ चे. हाच कायदा दिल्लीलाही लागू केला गेला आणि गुजरातमध्ये २००० साली स्वतःचा कायदा होईपर्यंत तोच चालला. मुंबईच्या कायद्याला लिफ्ट म्हणजे उभी वरखाली जाणारी, यंत्रशक्तीवर चालणारी केबिन एवढेच माहीत होते. पुढे मॉल आले, मेट्रो आली, विमानतळांवर सरकते पट्टे आले आणि ती व्याख्या अपुरी पडली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने सरकते जिने आणि सरकते पट्टे लिफ्टच्याच रांगेत आणून बसवले. सगळ्या राज्यांकडे असा कायदा आजही नाही. उत्तर प्रदेशात तो २०२४ मध्ये झाला.

इथे उमेदवारांचा एक घोळ होतो, तो सोडवून पुढे जाऊ. लिफ्टचा परवाना मालकाच्या, म्हणजे बहुतेक वेळा सोसायटीच्या नावावर असतो. उभारणी आणि देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराला सरकारी मान्यता वेगळी लागते. आपण स्वतः देतो ती तारतंत्रीची (वायरमनची) किंवा पर्यवेक्षकाची परीक्षा, नाहीतर आयटीआयमधला लिफ्ट आणि एस्कलेटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, हे तिसरेच. ‘परवाना कोणाचा’ हे न विचारता उत्तर लिहिले की अर्धे गुण तिथेच जातात.

कायदा राज्याचा, पण तांत्रिक मानक देशाचे, ‘आयएस’ क्रमांकाचे. आधी ही मानके सुटी सुटी होती: बसवण्याची कार्यपद्धती आयएस १८६० मध्ये, दारांची कुलुपे आयएस ७७५९ मध्ये, बफर (तळाशी धक्का झेलणारे) आयएस ९८०३ मध्ये, सेफ्टी गिअर (रेल धरून केबिन थांबवणारी यंत्रणा) आणि गव्हर्नर (वेग ठरल्यापेक्षा वाढला की ती चालवणारा) आयएस ९८७८ मध्ये. २००० च्या आसपास हे सगळे आयएस १४६६५ या एका क्रमांकाखाली पाच भागांत आले. तयारी करणाऱ्याने त्यातला सुरक्षेच्या नियमांचा तिसरा भाग आणि तपासणीचा पाचवा भाग नीट वाचावा. मशिन रूम नसलेल्या लिफ्ट आल्यावर त्यांच्यासाठी आयएस १५७८५ काढावे लागले, ते २००७ मध्ये. मग २०२२ मध्ये आयएस १७९०० आले. ते आंतरराष्ट्रीय आयएसओ ८१०० वर बेतलेले आहे आणि आयएसओ ८१०० ची मांडणी मुळात युरोपच्या मानकांतली, म्हणजे ईएन ८१-२० आणि ८१-५० मधली.

आता मुख्य मुद्दा. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये एकच माणूस उभा आहे आणि ब्रेक निकामी झाला. केबिन कुठे जाईल? बरेच जण चटकन ‘खाली’ म्हणतात. हिशेब करून पाहा. आपल्या मानकात माणशी ६८ किलो धरतात, म्हणजे आठ जणांचे ५४४. काउंटरवेट, म्हणजे दोरांच्या दुसऱ्या टोकाला टांगलेले समतोलाचे वजन, असते केबिनचे वजन अधिक भाराचा साधारण ४० ते ५० टक्के भाग. ५० टक्के धरले तर केबिनपेक्षा २७२ किलो जास्त. आत एकटाच ६८ किलोंचा माणूस असेल तर काउंटरवेटची बाजू २०४ किलोंनी जड. केबिन वर सुटते, तीही वेग घेत.

नियमांनी मात्र कित्येक दशके खालीच पाहिले. त्याचे कारण या यंत्राच्या जन्मातच आहे. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंचावर उभे राहून दोर कापून दाखवला गेला आणि सेफ्टी कॅचने फलाट जागीच धरला. लोकांच्या मनात लिफ्टची भीती म्हणजे दोर तुटणे, ती तेव्हापासूनची. १९२१ मध्ये अमेरिकेत पहिली संहिता निघाली, पुढे देशोदेशी निघाल्या. सगळ्यांचा कणा एकच: गव्हर्नर ठरलेल्या वेगाच्या किमान ११५ टक्क्यांवर सुटावा आणि सेफ्टी गिअरने रेल धरून केबिन थांबवावी. हे सगळे खाली जाणाऱ्या केबिनसाठी. चार-सहा दोरांवर टांगलेली केबिन दोर तुटून पडणे ही आता अगदी विरळ घटना आहे. ब्रेक सैल पडणे, लाइनिंग झिजणे, ब्रेकच्या कॉइलचा कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटून बसणे, हे मात्र रोजच्या देखभालीतले विषय आहेत. जुन्या वर्म गिअरच्या मशिनमध्ये गिअरचे घर्षणच केबिनला थोडेफार धरून ठेवायचे. गिअर नसलेल्या, म्हणजे गिअरलेस मशिनला तो आधार नाही, ब्रेक सुटला की दोर फिरवणारी पुली मोकळी.

युरोपच्या लिफ्टविषयक निर्देशाने आणि १९९८ च्या ईएन ८१-१ ने वर जाणाऱ्या केबिनच्या अतिवेगाला नियमात बसवले. अमेरिकेच्या संहितेच्या २००० च्या आवृत्तीने त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट घातली: दार उघडे असताना केबिनने मजला सोडून सरकणे. ही दुसरी घटना जास्त घातक, कारण माणूस तेव्हा अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. युरोपने ती २००९ च्या दुरुस्तीत घेतली आणि १ जानेवारी २०१२ पासून बंधनकारक केली. त्यातली मापे पाठ असावीत: केबिन मजल्यापासून १.२० मीटरच्या आत थांबली पाहिजे. ती वर सरकली असेल तर मजल्याचा उंबरा आणि केबिनच्या उंबऱ्याखाली लोंबणाऱ्या पत्र्याची, म्हणजे एप्रनची, खालची कड यांत २०० मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहू नये. खाली सरकली असेल तर केबिनचा उंबरा आणि मजल्याच्या दाराची वरची चौकट यांत किमान एक मीटर मोकळी जागा राहावी. एप्रनचा उभा भाग ७५० मिलिमीटर का, हे २०० मिलिमीटरच्या मापाशेजारी ठेवून पाहिले की उलगडते. फटीतून माणूस लिफ्टच्या विहिरीत जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

खरा वाद झाला तो कोणत्या यंत्राला हे संरक्षण मानायचे यावर. वर जाणाऱ्या केबिनच्या अतिवेगाच्या नियमाने यंत्राचे नाव घातले नाही, ते कुठे काम करते तेवढे सांगितले: केबिनवर, काउंटरवेटवर, दोरांवर, ट्रॅक्शन पुलीवर किंवा पुलीच्याच शाफ्टवर (आसावर) पुलीलगत. काही कंपन्यांनी रोप ग्रिपर (थेट दोरच पकडणारी यंत्रणा) लावले, काहींनी दोन्ही दिशांना धरणारे सेफ्टी गिअर. गिअरलेसवाल्यांनी सांगितले की आमचा ब्रेक पुलीच्या शाफ्टवरच आहे, तेव्हा तोच संरक्षण. नियमाने ते मानले. गिअरच्या मशिनला ही सवलत नाही, कारण तिथे ब्रेक सहसा मोटरच्या बाजूला असतो आणि मधला गिअर तुटला तर पुलीला धरायला कोणीच उरत नाही. दोन मशिनमधला हा फरक परीक्षेत स्पष्ट लिहावा.

यावरचा आक्षेप सरळ होता. ब्रेक बिघडेल म्हणून संरक्षण हवे आणि संरक्षण म्हणून पुन्हा ब्रेकच? त्याला उत्तर असे की ब्रेकचे यांत्रिक भाग दोन स्वतंत्र संचांत असले पाहिजेत आणि एक संच गेला तरी उरलेल्या संचाने पूर्ण भाराची केबिन मंदावली पाहिजे. शिवाय उघड्या दाराच्या संरक्षणासाठी तोच ब्रेक वापरायचा तर त्याने स्वतःवर लक्ष ठेवावे, अशी अट आली. कागदावर हे चोख आहे. माझे मत मात्र आक्षेपाकडे झुकते. बेअरिंगचे ग्रीस किंवा दोरांना लावलेले तेल ब्रेकच्या डिस्कवर उडाले तर ते दोन्ही संचांच्या लाइनिंगला एकाच वेळी लागते. हे लक्ष ठेवणारा मायक्रोस्विच लाइनिंग उघडली-मिटली एवढेच सांगतो, तिने घट्ट धरले की नाही ते सांगत नाही. ते ब्रेकच्या जोराच्या चाचणीतच कळते. रोप ग्रिपर महाग पडतो आणि दोरांची झीज वाढवतो, ही तक्रार खरी आहे. पण तेल डिस्कवर उडाले म्हणून त्याची पकड सुटत नाही.

याच काळात आणखी एक नियम आला, त्याकडे कमी लक्ष जाते. दार-कॉन्टॅक्टमध्ये (दार बंद असल्याचे सांगणाऱ्या स्विचमध्ये) दोष शोधताना कंट्रोलरवर जंपर, म्हणजे तो स्विच टाळणारी तार, मारायचा आणि काम झाल्यावर काढायचा, ही जगभरच्या मेकॅनिकांची सवय. काढायचा राहिला की लिफ्ट उघड्या दाराने धावते. सुरक्षा साखळीच्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या सुरक्षा स्विचांच्या सर्किटच्या, दृष्टीने दार तेव्हा बंदच असते. जंपर मारू नका, असे बजावून काही होत नाही हे ईएन ८१-२० करणाऱ्यांनी २०१४ मध्ये ओळखले आणि कंट्रोलरमध्येच बायपासची सोय बंधनकारक केली. बायपास चालू असताना लिफ्ट फक्त इन्स्पेक्शन किंवा आपत्कालीन विद्युत चालनावर हलते. केबिनचे दार आणि मजल्याचे दार, दोन्ही एकदम बायपास होत नाहीत. केबिन हलताना तिच्याखाली दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो. मेकॅनिक प्रत्यक्षात काय करतो हे पाहून लिहिलेले नियम थोडे असतात, हा त्यातला एक.

आयएस १७९०० मुळे या गोष्टी आपल्याकडेही मानकात आल्या आहेत. पण मानक नव्या लिफ्टसाठी असते. दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींत जाळीच्या दाराच्या लिफ्ट आहेत, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. युरोपने २००३ मध्ये ईएन ८१-८० काढून जुन्या लिफ्टमधले ७४ धोके मोजून ठेवले, म्हणजे कोणता आधी दुरुस्त करायचा ते ठरवता येते. अमेरिकेत जुन्या लिफ्टसाठी १९८६ पासून स्वतंत्र संहिता आहे. आपल्याकडे मॉडर्नायझेशन हा बहुधा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा आणि कोटेशनचा विषय असतो आणि खर्च आधी केबिनच्या स्टेनलेस स्टीलवर होतो.

आखातात नोकरीसाठी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिथे बहुतेक ठिकाणी युरोपीय मानक चालते आणि त्यात माणशी ७५ किलो धरतात. तिथली आठ माणसांची लिफ्ट ६३० किलोंची असते. ५० टक्के काउंटरवेट आणि आत एकच माणूस धरला तर वर ओढणारा फरक २४० किलोंचा येतो, आपल्या २०४ चा नाही.