‘फुल’ म्हणजे नेमकी केवढी फ्रेम?

मोठ्या सेन्सरचा (म्हणजे फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) डिजिटल कॅमेरा घ्यावा की रोलवरच राहावं, हा वाद मेगापिक्सेलवरून पेटला असं आता सांगितलं जातं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या दृष्टीने तो पेटला भिंतीवरून.

1999 पासून पुढच्या चार-पाच वर्षांत ज्यांनी पहिली डिजिटल एसएलआर बॉडी (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतली, त्यांच्या बॅगेत लेन्स रोलच्याच होत्या. 28 मिमीची लेन्स नव्या बॉडीला लावली की दृश्य 42 मिमीचं दिसायचं, म्हणजे कडेचं बरंच कापलं जायचं. रोलची चौकट 36×24 मिमी, तर बहुतेक सेन्सर 23.6×15.6च्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. मंगलाष्टकं सुरू झाली की अंतरपाट, दोन्हीकडचे मामा, भटजी, करवल्या असं सगळं एकाच फोटोत हवं. फोटोग्राफर मागे सरकत सरकत भिंतीला टेकायचा, तरी एक मामा बाहेरच! त्यात पांढरा अंतरपाट फ्लॅशने जळायचा आणि सेन्सरवर एकदा कोरा झालेला भाग काही केल्या परत येत नसे. कलर निगेटिव्ह असला जास्तीचा उजेड पोटात घालायची, उरलेलं लॅबवाला प्रिंट काढताना सांभाळून घ्यायचा. त्या काळात रोलवर राहिलेल्यांना नुसतं हळवं म्हणणं बरोबर नाही.

मग सुरुवातीपासूनच 36×24चा सेन्सर का नाही दिला? चिप छापणाऱ्या यंत्राला एका दमात साधारण 26×33 मिमी एवढंच क्षेत्र छापता येतं. त्याहून मोठा सेन्सर तुकड्यांत छापून जोडावा लागतो, खर्च वाढतो आणि वाया जाणारा मालही. 2002 मध्ये या आकाराचे पहिले कॅमेरे आले ते गल्लीतल्या स्टुडिओच्या खिशाबाहेरचे होते. 2005 मध्ये 12.8 मेगापिक्सेलची तुलनेने आटोपशीर बॉडी आली, तेव्हा कुठे हिशेब जमायला लागला. एक बडी जपानी कंपनी मात्र 2007 पर्यंत लहान सेन्सरच देत राहिली आणि तेवढा पुरतो, असं तिचे ग्राहकही हिरिरीने सांगत. पुढे तिनेच मोठा सेन्सर आणला, तेव्हा हीच मंडळी रांगेत पुढे होती.

खरा घोळ शब्दांचा आहे. ‘फुल फ्रेम’ हे नाव रोलच्या काळात फारसं कानावर यायचं नाही, आलंच तर हाफ फ्रेमशी, म्हणजे निम्म्या चौकटीशी, तुलना करताना. सिनेमाच्या 35 मिमी फिल्मवरची चौकट 18×24. 1925 मध्ये बाजारात आलेल्या एका जर्मन कॅमेऱ्यात फिल्म आडवी सरकायची आणि चौकट दुप्पट व्हायची. 120 नावाच्या रुंद रोलवर 6×6 सेंमीची चौकट काढणाऱ्यांना ती एवढीशी वाटे. ‘मिनिएचर’ म्हणत तिला. डिजिटलमध्ये हीच मिनिएचर ‘फुल’ झाली आणि बाकीचे लहान आकार आपोआप ‘क्रॉप’, म्हणजे कापलेले, ठरले.

मांडवातल्या त्या लहान सेन्सरला एपीएस-सी म्हणतात, त्या नावाची गोष्ट आणखी मजेची. 1996 मध्ये पाच कंपन्यांनी मिळून एपीएस नावाचा रोल आणला. त्यातल्या ‘क्लासिक’ प्रिंटची चौकट 25.1×16.7 मिमी. रोल काही रुजला नाही, पण त्याचं नाव सेन्सरला चिकटलं, तेही मापाने त्याहून थोड्या लहान सेन्सरला. ‘एक इंची’ सेन्सर तर कुठल्याच बाजूने इंचभर नसतो. तो असतो 13.2×8.8 मिमी. हा इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचा. नळ्या गेल्या, इंच राहिले. गिऱ्हाईक गंडवण्यासाठी याहून सोयीचं माप सापडणं कठीण.

रोलचं पुढे काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. सर्वांत नावाजलेल्या स्लाइड फिल्मचं (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं तिचं) उत्पादन 2009 मध्ये थांबलं, ती धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती आणि 2010च्या अखेरीस तिनेही नवे रोल घेणं थांबवलं. 2018 मध्ये त्याच घराण्यातली दुसरी स्लाइड फिल्म पुन्हा बाजारात आली. 2024 मध्ये एका जपानी कंपनीने चक्क नवा रोलचा कॅमेरा काढला, तोही हाफ फ्रेम. 36च्या रोलात 72 फोटो निघतात. त्याची चौकट 17×24 मिमी, म्हणजे मांडवात भिंतीला टेकवणाऱ्या त्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने फार तर अकरा टक्के मोठी. तिला मात्र ‘क्रॉप’ कुणी म्हणत नाही.