बीगलबोन ब्लॅक बूट होत नाहीये? फोन करायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून बीगलबोन ब्लॅक हा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड आणि छोट्या लिनक्सचं मेमरी कार्ड नेलं की पहिला फोन ठरलेला असतो, "बोर्ड डेड आलाय, लाइट लागतो पण पुढे काहीच नाही." अहो, बोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतो. या सिस्टीममध्ये स्क्रीनचं काहीच टाकलेलं नाही, त्यामुळे जे काही सांगायचं ते तो सिरीयलवरच, म्हणजे पीसीला जोडलेल्या केबलवरून अक्षरांतच सांगतो.

म्हणून आधी ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल घ्या, ५ व्होल्टवाली अजिबात नको. जे१ हेडरची १ नंबर पिन ग्राउंड, केबलचा टीएक्स (पाठवणारी वायर) ४ ला, आरएक्स (घेणारी वायर) ५ ला, लाल वायर मोकळीच सोडा. स्पीड ११५२०० आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद, नाहीतर अक्षरं दिसतात पण टाइप केलेलं काही जात नाही आणि माणूस उगाच कीबोर्ड बदलत बसतो.

आता बघा काय येतंय. नुसतं सीसीसीसी येत राहिलं तर चिपला एमएलओ, म्हणजे बूटची पहिली फाइल, सापडली नाही. चिपच्या आतली रॅम फक्त १२८ केबी, बाहेरची ५१२ एमबी तेव्हा चालूच झालेली नसते, ती चालू करून यू-बूट (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू करणारा प्रोग्राम) आणायचं काम या चिमुकल्या फाइलचं, आणि कार्डावर ती फॅट पार्टिशनवर किंवा ठरलेल्या जागी थेट लिहिलेली लागते. कार्ड घालूनही बोर्डाच्या आतल्या मेमरीतलं जुनं डेबियन लिनक्सच येत असेल तर एस२ बटण दाबून धरा आणि मग पॉवर द्या. रिसेट मारून उपयोग नाही, चिप ते बटण पॉवर येतानाच बघते.

"स्टार्टिंग कर्नल" नंतर चिडीचूप? बूटआर्ग्जमध्ये, म्हणजे यू-बूट कर्नलला देतो त्या सूचनांमध्ये, कन्सोल बघा. जुन्या कर्नलला टीटीवाय-ओ-झीरो लागायचं, नव्याला टीटीवाय-एस-झीरो. यात ओ हे अक्षर आहे आणि पुढचा आकडा शून्य, आमचाही अर्धा दिवस यात गेलाय. ते बरोबर असेल तर डीटीबी (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी) फाइल दुसऱ्याच बोर्डाची आहे का ते तपासा.

पॅनिक येऊन, म्हणजे कर्नल हात टेकून, "अनेबल टू माउंट रूट एफएस" आलं तर बूटआर्ग्जमध्ये रूटवेट टाका, कार्ड ओळखायला थोडा वेळ जातो आणि कर्नल थांबत नाही. "नो वर्किंग इनिट फाउंड" आलं तर बिझीबॉक्स (लिनक्सच्या सगळ्या छोट्या कमांड एकत्र असलेला प्रोग्राम) चुकून पीसीसाठी कंपाइल झालाय का ते फाइल कमांडने बघा, तिथे एआरएम, म्हणजे या बोर्डाच्या चिपची जात, दिसायला हवं.

तरी अडलंच तर पहिल्या ओळीपासूनचा पूर्ण लॉग पाठवा, मोबाइलवर काढलेला शेवटच्या ओळीचा फोटो नको. कार्ड खराब निघालं तर बदलून देऊ, ५ व्होल्ट लावून जाळलेला बोर्ड मात्र वॉरंटीत बसत नाही.