हत्ती मोजायचे तर लीद शोधा

बुद्ध पौर्णिमा आली की नागपुरातले कितीतरी लोक पेंच नाहीतर ताडोब्यात मचाणावर बसायला जातात, पाणवठ्यावर रात्रभर कोण कोण आलं ते लिहून काढतात. त्यामुळे प्राणी मोजणं म्हणजे मचाण आणि ट्रॅप कॅमेरा, असंच आपल्या डोक्यात बसलंय. वाघाला कॅमेरा चालतो, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे. हत्तीला कुठले पट्टे? जाणकार लोक कानाची फाटलेली कड, सुळे, शेपटी बघून ओळखतात, पण आपल्याकडच्या माद्यांना बाहेर दिसणारे सुळे नसतातच, काही नरांनाही नसतात (त्यांना मखना म्हणतात), आणि अख्खा कळप अंधारात बांबूतून निघून गेला तर कोण कोणता हे सांगायचं कसं.

म्हणून लीद. एक हत्ती दिवसाला साधारण 15-20 वेळा लीद टाकतो. जुनी पद्धत अशी की जंगलात ठरलेल्या रेषेवर चालायचं, लिदीचे ढीग मोजायचे आणि त्यावरून गणित मांडून हत्ती काढायचे. पण ढीग किती दिवस टिकतो हेही माहीत लागतं ना, पावसात तो लवकर विरघळतो, शेणकिडे भराभर संपवतात, उन्हाळ्यात मात्र वाळून पडून राहतो, म्हणजे तो अंदाज जरा जरी चुकला तरी हत्तींचा आकडा पार बदलतो.

2025 मध्ये जो देशाचा नवा अंदाज आला त्यात पहिल्यांदाच डीएनए वापरला, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने हे काम केलं. ताज्या लिदीच्या गोळ्यावर बाहेरून एक ओला बुळबुळीत थर असतो, त्यात हत्तीच्या आतड्याच्या पेशी चिकटून आलेल्या असतात, आणि पेशीतला डीएनए प्रत्येक हत्तीचा वेगळा. तेवढा थर अलगद घ्यायचा, खराब होऊ न देता लॅबला पाठवायचा. अशी 21,056 सॅम्पल गोळा झाली आणि त्यातून 4,065 वेगवेगळे हत्ती ओळखले गेले.

मग बाकीच्यांचा अंदाज कसा? समजा बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) तुम्ही आज काही चेहरे लक्षात ठेवले आणि उद्या परत गेल्यावर तेच चेहरे वारंवार दिसले, तर येणारे लोक थोडेच आहेत, आणि सगळे नवेच दिसले तर गर्दी खूप मोठी आहे. तोच डीएनए किती वेळा परत सापडतो यावरून असंच गणित केलं. उत्तर आलं 22,446, पण ते 18,255 ते 26,645 च्या मधे कुठेही असू शकतं, आणि माझ्या मते हा पट्टा मधल्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, तो छापलाच पाहिजे.

2017 ला आकडा होता 29,964. म्हणून लगेच "साडेसात हजार हत्ती गेले" असं म्हणणं साफ चूक आहे, पद्धतच बदलली तर जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. कमी झाले की नाही हे याच पद्धतीने पुढची मोजणी होईल तेव्हा कळेल.

आता आपल्या विदर्भाचं. देशातले निम्म्याहून जास्त हत्ती पश्चिम घाटात, एकट्या कर्नाटकात 6,013. मध्य भारत आणि पूर्व घाट मिळून फक्त 1,891, त्यात छत्तीसगड 451 आणि महाराष्ट्र 63. गडचिरोलीत 2021 ला छत्तीसगडातून कळप आला, पुढे गोंदियापर्यंत फिरला, आणि तिकडच्या धानाच्या शेतकऱ्याला 63 या आकड्याने काय कळणार, त्याला कळायला पाहिजे की कळप कुठून येतो, कधी येतो, कुठल्या जंगलातून पुढे जातो. लिदीचा खरा उपयोग मला इथे वाटतो. प्रत्येक सॅम्पलसोबत जागा आणि तारीख असते, म्हणजे एकच हत्ती आधी छत्तीसगडात आणि नंतर गडचिरोलीत सापडला तर तो दोनदा मोजला जात नाही, वरून त्याची वाटही नकाशावर येते. फक्त त्यासाठी लीद ताजी असतानाच उचलावी लागते, आणि ती सगळ्यात आधी दिसते ती रोज जंगलात पायी फिरणाऱ्या वनरक्षकाला आणि मोह वेचायला पहाटे निघालेल्या बायांना.